तापलेल्या बिडावर गार पाणी नको!

तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये, हे घरोघरी ठाऊक असते. जुन्या मोटारींच्या इंजिनालाही हाच नियम लागू पडतो. अ‍ॅम्बॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे सिलिंडर हेड बिडाचेच असे. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात राहतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते. ताण मात्र फारसा सोसत नाही.

रेडिएटरमधले पाणी आटले, की दोन व्हॉल्व्हमधली अरुंद पट्टी फार तापते. ती प्रसरण पावू पाहते, पण भोवतालचा कमी तापलेला धातू तिला जखडतो आणि ती दबते. निवताना तीच पट्टी ताणली जाते व तडा जातो. गार पाण्याने हा ताण एकदम वाढतो.

बाहेर गळती नसताना पाणी घटणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, दुधाळ झालेले ऑइल ही तड्याची लक्षणे असू शकतात. अशा ऑइलने बेअरिंगही खराब होतात. म्हणून गाडी तापल्यास इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे. तोवर रेडिएटरचे झाकणही उघडू नये.