पाच ताऱ्यांची भीड

गेल्या महिन्यात परीक्षकांच्या बैठकीसाठी परगावी गेलो असता दुपारी एसटी स्थानकाजवळच्या एका उपाहारगृहात जेवायला शिरलो. आमटी कोमट होती, पोळ्या यायला बराच वेळ लागला. परंतु वाढणारा मुलगा मोठा आर्जवी होता. बिल चुकते केल्यावर त्याने टेबलावरची एक उभी पाटी माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आणि त्यावर पाच सोनेरी तारे छापलेले होते. "सर, एवढा कोड स्कॅन करून पाच स्टार द्या. खाली माझं नाव टाका. आज सात झालेत, दहा व्हायला पाहिजेत." एवढे बोलून तो शेजारीच उभा राहिला. वयाने तो माझ्या विद्यार्थ्यांएवढाच. मी पाच तारे दिले आणि 'उत्कृष्ट भोजन' असे दोन शब्दही लिहिले. रस्त्यावर आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. बाजारात खऱ्या माहितीचे मोल किती, हे वर्षानुवर्षे वर्गात सांगणाऱ्या माणसाने स्वतःच बाजारात एक खोटी माहिती सोडून दिली होती.

प्रसंग क्षुल्लक आहे हे खरे. परंतु त्यामागचा प्रश्न क्षुल्लक नाही. अनोळखी गावातील उपाहारगृहात पाऊल टाकणाऱ्या माणसाला तेथील अन्नाची प्रत आधी कळत नाही. मालकाला ती ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. माहितीची ही विषमता दूर झाली नाही तर चांगला माल देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही आणि निकृष्ट मालच बाजारात टिकून राहतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विवेचनासाठी. पूर्वी ही उणीव ओळखीपाळखीच्या शिफारशीने भरून निघे. आज ते काम अनोळखी गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांकडे आले आहे.

मुक्या गिऱ्हाइकाला वाचा

या अभिप्रायांत मूळचाच एक दोष आहे. अभिप्राय लिहिण्याचे कष्ट एकाचे आणि त्याचा लाभ सर्वांचा. साहजिकच बहुसंख्य लोक लिहितच नाहीत. लिहितात ते अत्यंत संतुष्ट किंवा अत्यंत संतप्त झालेले. 'ठीक होते' असे म्हणणारा मधला मोठा वर्ग मुकाच राहतो.

या मुक्या वर्गाला बोलते करण्याचे सामर्थ्य त्या ठिपक्यांच्या चौकोनात आहे. हा क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या उद्योगसमूहातील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून तयार केला. पेटंट असूनही कंपनीने इतरांच्या वापराला आडकाठी केली नाही, म्हणून तो जगभर पसरला. आपल्याकडे २०१६ नंतर यूपीआयच्या व्यवहारांमुळे तो भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचला आणि २०२० च्या महासाथीत हॉटेलांचे मेनूकार्डही त्यातच शिरले. ज्या हाताला पैसे देण्यासाठी कोड टिपण्याची सवय झाली आहे, त्याला शेजारचा दुसरा कोड टिपून दोन शब्द लिहिणे जड जात नाही. उपाहारगृहाचे नाव शोधणे, योग्य पान गाठणे हे सारे कष्ट वाचतात.

अभिप्रायांची संख्या वाढण्याला महत्त्व का आहे, ते साध्या अंकगणितानेही समजेल. एखाद्या खानावळीला दहाच अभिप्राय मिळाले असून त्यांची सरासरी साडेचार तारे आहे असे समजा. अकराव्या गिऱ्हाइकाने रागाने एक तारा दिला की सरासरी ४.१८ वर घसरते. अभिप्राय दोनशे असते तर तोच एक तारा सरासरी ४.४८ च्या खाली नेऊ शकला नसता. हार्वर्डमधील मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील उपाहारगृहांच्या उत्पन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. येल्प या संकेतस्थळावरील एका ताऱ्याच्या वाढीने उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसला, साखळी उपाहारगृहांवर नाही. ज्याच्यापाशी नाव आणि जाहिरातीचा पैसा नाही, त्या लहान मालकालाच प्रामाणिक अभिप्रायांचा आधार सर्वांत अधिक असतो.

मोजमापच उद्दिष्ट झाले की

असे असेल तर त्या मुलाने पाटी पुढे केली यात वावगे ते काय? वावगे पाटीत नव्हते; ते तिच्याभोवतीच्या तीन गोष्टींत होते. किती तारे द्यायचे ते आधीच सांगितले गेले होते, देणाऱ्यावर नजर होती आणि संख्येचे ओझे नोकराच्या माथी होते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. समोर उभ्या असलेल्या कष्टाळू मुलाला तीन तारे देण्याचे धैर्य कितीजणांना होईल? इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात सांगितले होते, की नियंत्रणासाठी एखाद्या सांख्यिकीय निर्देशकावर भार टाकला की त्याची विश्वासार्हता ढासळते. तोच नियम येथेही लागू पडतो. तारे अन्नाची प्रत सांगेनासे होतात. ते केवळ मालकाचा दट्ट्या किती आहे ते सांगतात.

ही घसरण कोठवर जाऊ शकते, याचा दाखला लंडनने दिला. २०१७ साली ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या राहत्या शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदविले, मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, आणि अस्तित्वातच नसलेले ते उपाहारगृह लंडनमधील यादीत पहिल्या क्रमांकावर नेऊन बसविले.

नियमांची जाग आता येऊ लागली आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसंबंधी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणले. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असा त्याचा रोख आहे. तथापि सुरुवातीला ते ऐच्छिकच ठेवण्यात आले. अमेरिकेत खोट्या आणि अनुकूल मताच्या अटीवर विकत घेतलेल्या अभिप्रायांना बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. गूगलच्या धोरणानुसार गिऱ्हाइकाकडे अभिप्राय मागायला हरकत नाही; परंतु त्यासाठी आमिष दाखवू नये आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारू नये, अशी अट आहे. मात्र टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाची भीड कोणत्याही नियमाला मोजता येत नाही. ती मालकानेच दूर केली पाहिजे.

त्यासाठी फार काही करावे लागणार नाही. कोड बिलाच्या पावतीवरच छापावा, म्हणजे तो प्रत्येकाच्या हाती जाईल आणि गिऱ्हाईक घरी जाऊन निवांतपणे लिहू शकेल. त्यावर पाच तारे छापू नयेत. 'जेवण कसे वाटले ते कळवा' एवढेच पुरे. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत वा गोड पदार्थ देऊ नये. आणि मुख्य म्हणजे नोकराच्या पगाराचा किंवा बोलणी खाण्याचा संबंध ताऱ्यांच्या संख्येशी जोडू नये. अशा रीतीने मिळालेले अभिप्राय संख्येने कमी भरतील, कदाचित सरासरीही थोडी उतरेल. परंतु आमटी कोमट असते ही गोष्ट मालकाला कळेल.

परतीच्या गाडीत बसल्यावर मी माझा अभिप्राय पुन्हा उघडला आणि दुरुस्त केला. जेवणाला तीन तारे दिले, आमटीविषयी लिहिले, आणि वाढणारा मुलगा अगत्यशील होता असेही नमूद केले. हिशेब आता खरा झाला. मात्र त्या दिवशीच्या दहामधून त्या मुलाचा एक कमी धरला गेला असेल काय, ही रुखरुख अजून गेलेली नाही.