परदेशी वारसाला मृत्युकर लागतो काय?

नवी मुंबईसाठी शेते गेली, त्यांच्या बदली सिडकोने साडेबारा टक्के योजनेत भूखंड दिले. समजा, असा भूखंड वडिलांच्या नावे आहे, ते वारले आणि मुलगा दुबईला आहे. मृत्युकर बसेल, या धास्तीने घरचे त्याचे नाव लावायला कचरतात. पण मृताच्या इस्टेटीवरचा हा कर १९५३ साली आला नि १९८५ साली उठला. आज वारसा मिळाला म्हणून कर नाही, मग वारस कोठेही राहो. कर लागतो तो पुढे भूखंड विकला तर, नफ्यावर. विकणारा परदेशस्थ असेल, तर घेणाऱ्याने किमतीतून कर कापून सरकारात भरायचा असतो. तेव्हा वारसनोंद लांबवू नका. मुलगे, मुली, सगळ्यांची नावे सिडकोच्या दप्तरी वेळीच लावून घ्या.