वाटा आणि माणसे (भाग ९) : तेरचे कापड, नाणेघाट आणि भूमध्य समुद्र

मागच्या भागात आपण नातेपुते ते वाखरी असे पालखीच्या वाटेने चाललो. त्या वाटेवर उतार म्हणावा असा वेळापूरजवळचा, आणि तोही वारकरी धावतच संपवतात. आज अगदी वेगळ्या वाटा घेऊ. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या. अशा वाटांसाठी जगात भूमध्य समुद्राचा किनारा नावाजलेला आहे. सोलापूरकरांचा त्या किनाऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, दोन हजार वर्षांचा आहे आणि तो कापडाचा आहे.

डोंगर पाण्यातूनच उठतो

इटलीच्या वायव्येला चिंक्वे तेर्रे हा किनारा आहे. मोंतेरोस्सोपासून रिओमाज्जोरेपर्यंत पाच छोटी गावे कड्यांना धरून वसलेली. त्यांना जोडणारी किनाऱ्यालगतची पायवाट सुमारे १२ किलोमीटरची. दक्षिणेला नेपल्सच्या पलीकडे अमाल्फीचा किनारा लागतो. तिथे बोमेरानोहून नोचेल्लेकडे जाणारी वाट समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवरून कड्याच्या पोटातून जाते. पुढे पोझितानो गावात उतरायला दीड हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. तुर्कस्तानात फेथियेपासून अंताल्याच्या बाजूला जाणारी लिशियन वाट पाचशे किलोमीटरच्या वर आहे. तिथले जुने रस्ते आणि गुराख्यांच्या वाटा जोडून ती १९९९ मध्ये खुली झाली.

डोंगर आणि समुद्र तिथे इतके जवळ का, याचे कारण भूगर्भात आहे. आफ्रिकेचा भूखंड युरोपकडे सरकत गेला, मधल्या थरांना वळ्या पडल्या आणि डोंगर उभे राहिले. भूगर्भाच्या हिशेबात हे डोंगर तरुण आहेत आणि कित्येक ठिकाणी थेट पाण्यातून वर आले आहेत. आपला सह्याद्री बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. त्याची कडा समुद्रापासून आत आहे. मधली कोकणपट्टी ३० ते ६० किलोमीटर रुंद, उल्हास नदीच्या खोऱ्यात तर १०० किलोमीटरच्या घरात. त्यामुळे आपल्याकडे डोंगरवाट वेगळी आणि किनाऱ्याची वाट वेगळी.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्याने बहुतेक ठिकाणी त्याचे पाणी फार तर फूटभर वर-खाली होते. म्हणून तिथली वाट पाण्याच्या कडेने बिनधास्त जाऊ शकते. कोकणात तीन-चार मीटरचा फरक पडतो. सकाळची वाट दुपारी पाण्याखाली असते.

तिसरा फरक पावसाचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. क्रीट बेटावरची सामारियाची १६ किलोमीटरची घळ त्यामुळे साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच खुली असते. आपल्या घाटवाटांचा हंगाम नेमका तिथून पुढे सुरू होतो.

तेरहून निघालेल्या गाड्या

आता कापडाकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांचे मार्गदर्शक लिहिले. ते 'पेरिप्लस' म्हणून ओळखले जाते. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावे आहेत: पैठण आणि तगर. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, गोरोबाकाकांचे गाव. तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, असे तो लिहितो. कल्याणला येऊ पाहणारी ग्रीक जहाजे त्या काळी पहाऱ्यात भडोचकडे वळवली जात, हेही तो सांगतो. त्यावरून कल्याणची जवळची वाट सोडून माल एवढा लांब का जाई, ते कळते.

सोलापूरची चादर होण्याच्या कित्येक शतके आधी या पट्ट्यातले कापड भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत होते. कापड सहसा टिकत नाही, म्हणून त्याचा पुरावा क्वचितच मिळतो. हस्तिदंत टिकते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती तेरला मिळाली आहे, तशी भोकरदनलाही. तेरच्या लामतुरे शासकीय संग्रहालयात रोमन व्यापाराच्या आणखी खुणा पाहायला मिळतात. पाँपेईच्या दक्षिणेचा डोंगर ओलांडला की अमाल्फीचा तोच किनारा लागतो, जिथली वाट आपण आत्ताच पाहिली.

नाणेघाट

कल्याणला जाणारी ती जवळची वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट, दख्खनमधून कोकणात उतरण्याची सातवाहनांची राजवाट. घाटमाथ्यावर पुणे जिल्हा, पायथ्याला ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या बाजूने वर जाणारी पायवाट आधी रानातून जाते, मग दगडी फरसबंदी आणि पायऱ्या लागतात. बेताने चालणाऱ्याला चढायला दोन-तीन तास पुरतात.

माथ्याच्या खाली एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या निमित्ताने दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची यादी येते. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत या लेखातले आकडे मोडतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. लेण्यावरून वर जाणारी अरुंद खिंड कातळ फोडून केलेली आहे. तिच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा करत, असे परंपरा सांगते. शेजारी वाटेवर नजर ठेवणारा जीवधन किल्ला, थोडे मागे चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले.

माथ्यावरून कोकण दिसते, समुद्र मात्र दिसत नाही. पावसाळ्यात लोक इथे उलटा धबधबा पाहायला गर्दी करतात. समुद्रावरून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो आणि खाली पडणारे पाणी उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. गंमत पाहण्यासारखी आहे, पण वाट चालायची तर ते दिवस नव्हेत. दगड शेवाळलेले असतात.

वाट कोण राखतो?

वाटेला सौंदर्य असून भागत नाही, तिला काम लागते. चिंक्वे तेर्रेच्या वाटा द्राक्षमळ्यांच्या होत्या. उतारावर बिनचुन्याच्या दगडी बांधांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली, आणि बांध पडला की शेतकरीच तो रचत. १८७४ मध्ये तिथली किनाऱ्याची रेल्वे पुरी झाली, पुढे तरुण शहराकडे गेले आणि बांध ढासळू लागले. आपल्याकडे बोरघाटातून रेल्वे धावली ती १८६३ मध्ये. घाटवाटांवरच्या बैलांच्या तांड्यांचे काम तिने हळूहळू काढून घेतले. सोलापूरच्या गिरण्यांचे कापड पुढे रेल्वेनेच मुंबईला गेले. इथवर दोन्हीकडची कहाणी सारखीच आहे.

पुढे मात्र ती वेगळी होते. इटलीने चिंक्वे तेर्रेला १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान केले. किनाऱ्याच्या वाटेवर चालायला आता शुल्क लागते. बिनचुन्याचे बांध रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेली. तरीही सगळे सुरळीत नाही. ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत दोन गावांत चिखलाचे लोट घुसले. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांमधली जेमतेम किलोमीटरभराची प्रसिद्ध वाट २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडली, ती पुन्हा खुली व्हायला २०२४ उजाडले. कड्यावरची वाट राखणे किती खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे, हे यावरून दिसते.

समुद्राकाठची आपली वाट

कोकणात समुद्रकाठच्या वाटेला काम दिले ते देवाने. गणपतीपुळ्याला अख्खी टेकडी देवस्वरूप मानतात, म्हणून तिला घातलेली प्रदक्षिणा समुद्राच्या कडेने जाते. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याहून अवघड आणि देखणी आहे. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग कड्याच्या चिरेतून थेट लाटांच्या पातळीवरच्या खडकावर उतरायचे. लाटांनी कापलेला सपाट कातळ आणि मोहोळासारखी भोके पडलेल्या भिंती हा भूगर्भशास्त्राचा उघडा धडाच आहे.

ही वाट ओहोटीलाच करायची. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. हा हिशेब बेत आखण्यापुरता. खडकावर उतरण्याआधी स्थानिकांना विचारलेच पाहिजे, कारण इथे लाटेने माणसे ओढून नेली आहेत. पावसाळ्यात त्या खडकाकडे फिरकू नये.

नाणेघाटाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याण, तिथून मुरबाडमार्गे माळशेज घाटाच्या रस्त्याने वैशाखरे. माणशी तीन लिटर पाणी आणि चांगली पकड असलेले बूट हवेत. त्याआधी एखाद्या रविवारी तेरचे संग्रहालय पाहून ठेवा, म्हणजे घाटातला रांजण नुसता दगड वाटणार नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात शिवनेरीही आहे. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण हे किल्ले ज्या वाटांवर नजर ठेवून होते, त्या वाटा त्या यादीत नाहीत. निखळलेला दगड परत बसवण्याची नेमून दिलेली जबाबदारी कोणाची, हे आधी ठरायला हवे. घाटवाटांची नोंद, दरवर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी आणि ते काम पायथ्याच्या गावांकडे मजुरीसह, एवढे झाले तरी नाणेघाट आणखी काही शतके चालता राहील.