पटलावरील अक्षर आणि विद्युतप्रवाहाची गळती

देवनागरी लिपीत चिन्हाचा आकार आणि त्याचे अर्थमूल्य यांचे प्रमाण पुष्कळदा व्यस्त असते. ‘रग’ आणि ‘रंग’, ‘खत’ आणि ‘खंत’ या जोड्यांतील भेद एका टिंबावर उभा आहे. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळा येथील शेतकरी फवारणीचे प्रमाण किंवा सातबाऱ्याचा उतारा मोबाइलवर वाचू लागतो, तेव्हा हे टिंब त्याला मोजक्या पिक्सेलांतून दिसते. ते रेखीव उमटावे म्हणून पिक्सेल अधिकाधिक लहान व दाट करावे लागतात. परंतु पिक्सेल जितका लहान, तितके त्याला मिळालेले मूल्य टिकवून धरणे कठीण. या अडचणीचे मूळ ट्रान्झिस्टरमधून होणाऱ्या गळतीत आहे.

‘गळती’ हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे. माठ पाझरतो तेव्हा पाणी थंड होते; छप्पर गळते तेव्हा ते शाकारावे लागते. पाझर हा गुण असू शकतो, गळती हा दोषच होय. बंद केलेल्या ट्रान्झिस्टरमधून जो अत्यल्प प्रवाह वाहत राहतो, तो या दुसऱ्या जातीचा आहे.

पटलाची रचना ओलिताच्या वाफ्यांवरून समजू शकेल. विहिरीचे पाणी एका वेळी एकाच ओळीतील वाफ्यांना दिले जाते. वाफा भरला की त्याचे तोंड बंद करतात आणि पुढची पाळी येईपर्यंत त्याने ते पाणी धरून ठेवावे अशी अपेक्षा असते. पटलातही पिक्सेलांच्या ओळींना क्रमाने विद्युतप्रभार पुरविला जातो. प्रत्येक उपपिक्सेलाजवळचे सूक्ष्म धारित्र म्हणजे वाफा, आणि ट्रान्झिस्टर म्हणजे त्याचे तोंड. १०८० × १९२० पिक्सेलांच्या पटलात तीन रंगांचे मिळून ६२,२०,८०० उपपिक्सेल असतात आणि सामान्यतः प्रत्येकाची पाळी सेकंदातून ६० वेळा येते.

आता थोडे गणित करू. समजा, धारित्राची धारकता ०.१ पिकोफॅरड आहे आणि गळती १ पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा एक लक्ष कोट्यांश. १/६० सेकंदात धारित्राची व्होल्टता सुमारे ०.१७ व्होल्टने ढळेल. ४ व्होल्टांत उजेडाच्या २५६ पायऱ्या बसविल्या, तर एक पायरी सुमारे ०.०१६ व्होल्टची होते. अर्थात् उजेड दहा पायऱ्यांनी चुकला. पिक्सेलाची लांबी-रुंदी निम्मी केली की क्षेत्र चौथाईवर येते आणि धारकताही साधारणतः त्याच प्रमाणात घटते. गळती मात्र तितकी घटत नाही. परिणामी तीच चूक जवळजवळ चौपट होते. अक्षर व पार्श्वभूमी यांतील भेद उणावतो, स्थिर मजकूर लुकलुकू लागतो.

गळतीची कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण उष्णता. सिलिकॉनमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि या कारणाने होणारी गळती दर १० अंश सेल्सियसला सुमारे दुप्पट होते. सोनाळ्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. तेथील पटलास ही कसोटी अधिक कठोर ठरते. दुसरे कारण प्रकाश. उन्हात अक्षर दिसावे म्हणून द्रवस्फटिक पटलामागील दिवा प्रखर करावा लागतो आणि त्याचा प्रकाश अस्फटिकी सिलिकॉनवर पडला की तेथेही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. तिसरे कारण ड्रेनच्या काठाशी एकवटणारे तीव्र विद्युतक्षेत्र. बहुस्फटिकी सिलिकॉनमध्ये स्फटिककणांच्या सीमांवर दोष असतात. या दोषांतून ते क्षेत्र इलेक्ट्रॉनांना जणू ओढून काढते.

उपायही या कारणांना धरूनच योजले गेले. ड्रेनलगत अशुद्धीचे प्रमाण विरळ ठेवल्यास क्षेत्राची तीव्रता उतरते. एका गेटऐवजी एकापुढे एक अशी दोन गेटे ठेवली की व्होल्टता दोहोंत वाटली जाते. ट्रान्झिस्टरखाली धातूचा पातळ थर दिल्यास प्रकाश अडतो. तथापि या प्रत्येक उपायास जागा किंवा निर्मितीची जादा पायरी लागते, आणि दाट पटलात जागाच दुर्मिळ असते.

म्हणून मूळ द्रव्यच बदलण्याचा विचार पुढे आला. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हिदेओ होसोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली इंडियम, गॅलियम व झिंक यांच्या अस्फटिकी ऑक्साइडाचा ट्रान्झिस्टर लवचिक प्लॅस्टिकवर करून दाखविला. २०१२ साली शार्प कंपनीने अशा पटलांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मुक्त होण्यास सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. या ऑक्साइडात ती ३ च्या आसपास लागते. त्यामुळे उष्णतेने होणारी गळती सिलिकॉनच्या हजारांशाहूनही खाली जाते.

मात्र या ऑक्साइडात इलेक्ट्रॉनांची गती बहुस्फटिकी सिलिकॉनच्या मानाने बरीच कमी असते. यास्तव दोन्ही द्रव्यांचे काम वाटून देण्याची पद्धत निघाली: प्रवाह पुरविण्यासाठी सिलिकॉन, प्रभार राखण्यासाठी ऑक्साइड. २०१८ नंतर मनगटी घड्याळांत व पुढे मोबाइल फोनांत ही पद्धत आली. स्थिर मजकूर दाखविताना अशा पटलास सेकंदातून एकदाच प्रभार पुरविला तरी चालते, आणि त्या मानाने बॅटरीची बचत होते.

वाचकाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. चलच्चित्र क्षणोक्षणी बदलते. वाचनाचे पान स्थिर असते. त्याला वेगापेक्षा धारणा अधिक हवी. ट्रान्झिस्टरची थोरवी तो किती प्रवाह सोडतो यावरून मोजण्याची रीत आहे. अक्षराच्या बाबतीत मात्र तो किती घट्ट मिटतो, हेच निर्णायक ठरते. मोठ्या मथळ्याला थोडी गळती सोसवेल. अनुस्वाराला, रफाराला व जोडाक्षरातील बारीक रेषेला ती सोसवणार नाही. देवनागरी वाचनासाठी पटलाची परीक्षा करावयाची, तर ती या सर्वांत लहान चिन्हांवर आणि भर उन्हाळ्यातील दुपारी करणे योग्य होय.