आधी काय, नंतर काय? मुलांना घेऊन फलटण पाहताना

शाळांना सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची कुटुंबे महाबळेश्वर, पाचगणी, नाहीतर कोकणची वाट धरतात. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील फलटण या यादीत सहसा नसते. पंढरपूरला किंवा शिखर शिंगणापूरला जाताना ते वाटेत लागते. गाडी राजवाड्यासमोर दहा मिनिटे थांबते, छायाचित्रे निघतात, 'हे सईबाईंचे माहेर' एवढे वाक्य मुलांच्या कानावर पडते आणि प्रवास पुढे सुरू होतो. पण त्या दहा मिनिटांतही एखादे चौकस मूल विचारतेच, 'म्हणजे सईबाई याच वाड्यात राहायच्या?'

या प्रश्नाला घाईघाईत 'हो' म्हणणे सोपे असते. पण ते उत्तर चुकीचे आहे. सईबाई सतराव्या शतकातल्या. आज दिसणारा मुधोजी मनमोहन राजवाडा एकोणिसाव्या शतकातला. मधल्या दोनशे वर्षांत फलटणात आणि महाराष्ट्रात कितीतरी उलथापालथ झाली. मोठी माणसे सहजपणे 'हो' म्हणून जातात तेव्हा ही दोन शतके मुलाच्या मनातून पुसली जातात. मग शिवाजी महाराज, पेशवे, इंग्रज आणि पणजोबा हे सारे त्याच्या लेखी 'पूर्वी' नावाच्या एकाच खोलीत राहू लागतात. इतिहासाचे पुस्तक मुलांना कंटाळवाणे वाटते, याचे एक कारण या खोलीत सापडते. आधी काय घडले आणि नंतर काय, हेच मनात उलगडलेले नसेल, तर सनावळी पाठ करण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

हा गुंता सोडवायला फलटणसारखे गाव उपयोगी पडते. महानगरातल्या वास्तू एकमेकींपासून लांब असतात आणि एकीकडून दुसरीकडे जाताना वेळ वाहतुकीतच जातो. फलटणात यादवकाळाची आठवण देणारे दगडी मंदिर, अठराव्या शतकातले राममंदिर आणि संस्थानी राजवाडा हे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. काही शतके पायी ओलांडता येतात, ती अशी.

दहा गाठींची सुतळी

निघण्यापूर्वी एक छोटी तयारी करावी. हातभर सुतळी घेऊन तिला समान अंतरावर दहा गाठी माराव्यात. पहिली गाठ बाराव्या शतकाची, शेवटची चालू एकविसाव्या शतकाची. सोबत रंगीत दोऱ्याचे तुकडे ठेवावेत. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर मुलांनी त्या वास्तूचा काळ ठरवायचा आणि त्या गाठीला दोरा बांधायचा. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या जन्माचा दोरा आधीच बांधून टाकावा. तो सुतळीच्या अगदी टोकाला येतो. आजोबा 'खूप जुने' आहेत असे मानणाऱ्या नातवंडाला ते पाहून चांगलाच धक्का बसतो.

फलटणचा भाग पर्जन्यछायेतला, उन्हाळा कडक. त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सकाळची वेळ निवडणे बरे. मंदिरात चपला काढाव्या लागतात; दुपारी तापलेल्या फरशीवर लहान पाय पोळतात आणि मग इतिहासात कुणालाच रस राहत नाही.

दगड, राम आणि राजवाडा

सुरुवात जबरेश्वराच्या मंदिरापासून करावी. काळ्या दगडातले, बाहेरून कोरीव काम असलेले हे शिवमंदिर 'हेमाडपंती' म्हणून ओळखले जाते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावरून हा शब्द रूढ झाला. चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसवणे ही या बांधणीची खूण. मुलांना एवढेच काम द्यावे: दोन दगडांमधला सांधा शोधा आणि त्यात चुना दिसतो का ते पाहा. शैलीवरून काळ कसा ओळखतात, हे त्यातून आपोआप कळते. यादवांचा अंमल बाराव्या-तेराव्या शतकातला. त्यामुळे इथला दोरा एकाच गाठीला बांधण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दोन गाठींच्या मध्ये तो सैल बांधावा. इतिहासात काही उत्तरे अशी सैलच असतात, हेही मुलांना कळायला हवे.

जवळच श्रीरामाचे मंदिर आहे. ते अठराव्या शतकात नाईक निंबाळकर घराण्यातील सगुणाबाईंनी बांधले, असे सांगितले जाते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला इथून रामाचा रथ निघतो आणि सारे गाव त्या यात्रेत सामील होते. त्या दिवसांत आल्यास मुलांना वास्तूसोबत तिच्याभोवती जगणारे गावही पाहायला मिळते. जबरेश्वराचा दगड आणि राममंदिराची बांधणी यांत काय फरक दिसतो, हा प्रश्न इथे विचारावा आणि उत्तर मुलांनाच देऊ द्यावे.

राममंदिरालगत राजवाडा आहे. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या मुधोजीराव नाईक निंबाळकरांची कारकीर्द १८४१ ते १९१६ अशी पाऊणशे वर्षांची होती. गादीवर आले तेव्हा ते अगदी बालवयात होते. 'तीन-चार वर्षांच्या मुलाने राज्य कसे केले असेल?' हा प्रश्न कोणत्याही मुलाला विचार करायला लावील. लाकडी कोरीव काम, चौक आणि दालने यांमुळे हा वाडा मराठी चित्रपट-मालिकांच्या चित्रीकरणासाठी अनेकदा वापरला गेला आहे. पडद्यावर तो शिवकाळातला किंवा पेशवाईतला वाडा म्हणून दिसला, तरी मुलांनी आपला दोरा एकोणिसाव्या शतकाच्या गाठीलाच बांधावा. वाडा घराण्याच्या मालकीचा असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ती न मिळाल्यास बाहेरूनही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

सात वर्षांची नवरी

राजवाड्यासमोर उभे राहून आता सईबाईंची गोष्ट सांगावी. फलटणच्या मुधोजी नाईक निंबाळकरांची ही कन्या. तिचा जन्म १६३३च्या सुमाराचा मानला जातो. १६४० मध्ये पुण्यात शिवाजी महाराजांशी तिचा विवाह झाला, तेव्हा ती सुमारे सात वर्षांची होती आणि महाराज दहा वर्षांचे. पुढे १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. १६५९ मध्ये राजगडावर सईबाईंचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्याही खूप आत होते आणि संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते.

दुसरी-तिसरीतल्या मुलीला ही गोष्ट सांगितली की सईबाई तिच्यासाठी केवळ नावापुरत्या उरत नाहीत. आपल्याएवढी मुलगी हे गाव सोडून गेली, हे तिला कळते. 'तिला घरची आठवण येत असेल का?' असा प्रश्न आला, तर त्याला पुस्तकी उत्तर शोधत बसू नये. त्या काळी बालविवाह रूढ होते, आज ते कायद्याने निषिद्ध आहेत, हे साध्या शब्दांत सांगावे आणि प्रश्न प्रश्न म्हणून राहू द्यावा.

भोसले आणि निंबाळकर यांचे नाते सईबाईंपासून सुरू झालेले नाही. शिवाजी महाराजांच्या आजी, म्हणजे मालोजीराजांच्या पत्नी, याही निंबाळकरांच्याच कन्या होत्या. महाराजांच्या कन्या सखुबाई निंबाळकरांच्या घरी सून म्हणून आल्या. आजी, पत्नी आणि मुलगी अशा तीन पिढ्यांचे हे नाते कागदावर आखायला दिले, तर दहा-बारा वर्षांची मुले त्यात रंगून जातात. निंबाळकर हे आडनाव फलटणजवळच्या निंबळक गावावरून आले. तेव्हा 'कर' लागणारी आणखी किती आडनावे माहीत आहेत, हा खेळ परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावा.

पंथ आणि गुप्त लिपी

महानुभाव पंथीयांसाठी फलटण हे मोठे तीर्थ असून त्याला 'दक्षिण काशी' म्हटले जाते. पंथाच्या पाच कृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचा जन्म बाराव्या शतकात इथे झाला, अशी श्रद्धा आहे. गावातली श्रीकृष्ण आणि आबासाहेब ही मंदिरे त्यामुळे देशभरातील अनुयायांना ओढून आणतात. पंथाच्या परंपरेनुसार चक्रपाणी पुढे द्वारकेला गेले आणि हाती सूप व खराटा घेऊन तिथल्या वाटा झाडत राहिले. शस्त्रे आणि मुकुट धारण केलेले देव मुलांनी चित्रांत पाहिलेले असतात. रस्ता झाडणाऱ्या अवताराची कथा त्यांना नवी असते आणि ती त्यांच्या लक्षात राहते.

मराठी भाषेच्या दृष्टीनेही या पंथाचे महत्त्व मोठे आहे. तेराव्या शतकातील म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ 'सकळ लिपी'सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे ते शतकानुशतके बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली आणि प्राचीन मराठीचे दालन अभ्यासकांना खुले झाले. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहून आपलीही गुप्त लिपी तयार करता येते, हे कळल्यावर मुलांना दुपारच्या विश्रांतीत वेगळे मनोरंजन शोधावे लागत नाही. गावातल्या पेठांत जैन समाजाचीही मंदिरे आहेत. कोणत्याही देवस्थानात छायाचित्र काढण्यापूर्वी विचारणे, हाही सहलीतलाच एक धडा होय.

कालचे फलटण

वास्तू म्हणजे फक्त जुनी इमारत, हा समज मात्र सहल संपण्याआधी मोडायला हवा. सुतळीवरच्या शेवटच्या दोन गाठींना फलटणात बांधण्यासारखे बरेच आहे. ८ मार्च १९४८ रोजी हे संस्थान विलीन झाले. शेवटचे अधिपती मालोजीराव नाईक निंबाळकर पुढे मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. कालचा राजा लोकांनी निवडलेल्या सरकारात काम करतो, याचा अर्थ काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा राजवाड्याच्या पायरीवर बसून अधिक नीट कळते.

आसपासचा हिरवा ऊस पाहून इथे पाऊस भरपूर पडत असेल, असे मुलांना वाटते. ती हिरवाई नीरा उजव्या कालव्याची देणगी आहे. कालवा आल्यावर ऊस आला, उसामागून साखर आली. जवळच्या साखरवाडीचे नावच ही हकिगत सांगते.

लोणंद रस्त्यावर निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये तिची स्थापना केली. काटे नसलेली करडई इथे विकसित झाली. बंगालच्या सुंदरबन भागातील लहानखुऱ्या गरोल मेंढीचा जुळी कोकरे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात घडवली गेली, तीही इथेच. कामाच्या दिवशी, आधी विचारून आणि परवानगी घेऊनच तिकडे जावे. मूळच्या अमेरिकेतल्या मॅक्सीन बर्नसन मराठीच्या अभ्यासासाठी १९६०च्या दशकात फलटणला आल्या, इथेच राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. १९८४ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. परदेशातून आलेल्या एका बाईंना आपली भाषा शिकण्यासाठी हे गाव निवडावेसे वाटले, ही गोष्ट मराठी वाचायचा कंटाळा करणाऱ्या शहरी मुलांना जरूर सांगावी.

पुण्याहून फलटण सुमारे ११० किलोमीटर. लोणंदमार्गे मोटारीने आल्यास तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब लागतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण इथे होते आणि त्यानंतर पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्काम करते. एरवी शांत असणारी ही जागा पाहून तिथल्या गर्दीची कल्पना करायला मुलांना आवडते. लोणंद-फलटण लोहमार्ग झाल्यानंतर ३० मार्च २०२१ पासून पुण्याहून थेट फलटणपर्यंत रेल्वेही सुरू झाली. वेळापत्रक आधी पाहून ठेवले तर रेल्वेचा प्रवास हाच सुतळीवरचा शेवटचा दोरा ठरू शकतो.

एका दिवसात हे सारे पाहण्याचा आग्रह मात्र नसावा. लहान मुलांसाठी तीन ठिकाणे पुरेत, मोठ्यांसाठी पाच. पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणाबद्दल मुलांनी आपल्या शब्दांत दोन-तीन वाक्ये लिहावीत. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी कुणी काढू नयेत. मोठ्यांना एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर 'ठाऊक नाही, शोधू या' असे मोकळेपणाने म्हणावे. मुलांना त्यामुळे मोठ्यांबद्दल वाटणारा आदर कमी होत नाही. उलट ज्ञान कसे मिळवतात, हे त्यांना घरातच पाहायला मिळते.

घरी आल्यावर सुतळी भिंतीवर टांगावी. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या गाठी बहुधा मोकळ्याच राहिलेल्या दिसतील. 'तेव्हा काहीच घडले नाही का?' असे मूल विचारील. घडले तर असणारच. त्याच्या खुणा दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्या एखाद्या वाटेवर असतील. पुढच्या सुट्टीत कुठे जायचे, हे ठरवायला त्या दोन मोकळ्या गाठी पुरेशा आहेत.