मिटता चाकू बोटांवर का मिटतो?

आज आपण चाकूविषयी बोलणार आहोत. स्वयंपाकघरातल्या सुरीविषयी नाही, तर घडी करून पिशवीत टाकता येतो त्या मिटत्या चाकूविषयी. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे द्राक्षाचं कलम करताना तो लागतो. आटपाडी, माणकडे डाळिंबाच्या बागेत लागतो. सुतळी कापायला, पोत्याचं तोंड उसवायला तर कुठल्याही घरात लागतो. घेताना आपण धार बघतो आणि किंमत बघतो. तो उघडा राहतो कशाच्या जोरावर, हे मात्र सहसा कुणी बघत नाही.

हे बघायला हवं, कारण मूठ धरली की आपली चार बोटं तिच्याखाली वळलेली असतात आणि पातं मिटतं ते नेमकं तिथेच येतं. बोट वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे आतल्या दोऱ्या, त्याच बाजूला असतात. ती दोरी तुटली तर बोट वाकत नाही, आणि हंगामाच्या तोंडावर हात बांधून घरी बसावं लागतं.

सगळ्यात साधा मिटता चाकू म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. त्यात ना स्प्रिंग, ना खटका. एक रिबिट, तिच्याभोवती पातं फिरतं, आणि मागे बाहेर आलेली शेपटी बोटांनी दाबून धरायची. उघडं ठेवणारी गोष्ट म्हणजे धरणाऱ्याचा हातच. जपानमध्येही अशाच शेपटीचा एक जुना चाकू आहे, हिगोनोकामी नावाचा.

आपल्या बाजारात जास्त मिळतो तो दुसरा प्रकार, पाठीला पट्टी असलेला. त्याचं काम नीट समजून घेऊ, कारण बोटं कापतात ती बहुधा यानंच. पात्याचा जो जाड भाग मुठीत राहतो त्याला आपण टाच म्हणू. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचीक पट्टी असते, ती या टाचेवर सतत दाब देते. टाच गोल नसते, तिला सपाट बाजू घासलेल्या असतात. पातं फिरवताना टाचेचा कोपरा पट्टीला वर उचलतो, म्हणून जोर लागतो. पुढे सपाट बाजू आली की पट्टी खाली बसते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. त्या आवाजानं आपल्याला वाटतं, चाकू पक्का झाला. तो पक्का झालेला नसतो. दरवाजा नुसता लोटला आहे, कडी घातलेली नाही, असं समजा. उलट बाजूनं जोर आला की कोपरा पट्टीला पुन्हा उचलतो आणि पातं मिटतं.

मग असा चाकू कापताना मिटत का नाही? कापताना धार वस्तूवर दाबते आणि वस्तू पात्याला उलट वर ढकलते, म्हणजे उघडण्याच्याच दिशेनं. तिकडे टाच अडलेली असते, त्यामुळे जितकं दाबू तितकं पातं घट्ट बसतं. घडीच्या विळीचंही असंच असतं. आपण भाजी पुढे ढकलतो, पातं आपल्यापासून लांब रेटलं जातं आणि तिथे त्याला अडण असते. पण तीच विळी उघडी असताना पात्याला धरून उचलली तर? म्हणून ती मिटूनच हलवायची, हे आपल्या सासवांनी सांगितलंच आहे.

उलटा जोर तीन वेळा येतो. पोत्याला किंवा डब्याच्या झाकणाला टोकानं भोक पाडताना हात जरा तिरका झाला की. पात्याच्या पाठीवर दगडानं किंवा लाकडानं ठोकताना. आणि अडकलेलं पातं उपसताना. ही तिसरी वेळ द्राक्षाच्या कलमात हमखास येते. डॉगरिजच्या खुंटाला मधोमध चीर द्यायची, त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची, असं ते काम. चीर देताना पातं खुंटात रुततं. आपण हात वर ओढतो, मूठ वर येते, पातं मात्र लाकडात धरलेलं असतं, आणि पट्टी सुटते. रुतलेलं पातं वर ओढू नका. आलं त्याच वाटेनं सरळ मागे, धारेच्या रेषेत, हलवत काढा. चीर देण्याचं काम रोजचंच असेल तर त्यासाठी न मिटणारा, म्यानातला चाकू घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मिटता चाकू काडी तासायला ठेवावा.

खऱ्या कडीचे चाकूही मिळतात. एकात मुठीच्या पाठीवर लांब दांडी असते, तराजूच्या दांडीसारखी मधे टेकलेली. पातं उघडलं की दांडीचं पुढचं नाक टाचेच्या खाचेत पडतं. मागचं टोक दाबलं की नाक वर येतं आणि पातं सुटतं. दुसऱ्यात मुठीच्या आत एक पातळ पत्रा असतो. पातं उघडताच तो बाजूनं सरकून टाचेच्या मागे उभा राहतो, दाराला आतून अडसर लावावा तसा. मिटवताना तो अंगठ्यानं बाजूला सारायचा. इथे एक मेख आहे. अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पातं थोडं मिटू द्या, तिथेच थांबा, अंगठा काढा आणि मग दुसऱ्या हातानं पाठीवर दाबून पूर्ण मिटवा.

आम्हाला सगळ्यात आवडलेली युक्ती फ्रान्सची. तिथे जोसेफ ओपिनेल या कारागिरानं 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा शेतकरी चाकू काढला. त्याला 1955 मध्ये एक फिरती कडी बसवली गेली. पातं उघडून कडी फिरवली की पात्याच्या वाटेची फट बंद होते. बंद आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं.

सिनेमातला रामपुरी तुम्हाला ठाऊक आहेच. तो उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. त्याचा खटका लोकांना घाबरवायला बरा, भेंडी तोडायला त्याचा काय उपयोग!

कडी असली तरी ती खाचेत पूर्ण बसली तरच कामाची. खाचेत माती, डिंक, वाळलेला चीक भरला की नाक अर्धवट बसतं. डाळिंबवाल्या मैत्रिणींनी जास्त लक्ष द्यावं. तेल्या रोग पसरू नये म्हणून आपण हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतो. ते करायलाच हवं, पण त्या पाण्यानं लोखंड गंजतं आणि पट्टीही गंजते. संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवा, पुसा, खाच जुन्या दातघासणीनं साफ करा आणि रिबिटीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. गोडेतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

बचत गटासाठी एकदम चाकू घेणार असाल तर दुकानातच एकेक उघडून बघा. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, बोटं खाली वळवू नका, आणि पात्याची पाठ लाकडावर हळूच टेकवून दाबा. मिटला तर तो नुसत्या पट्टीचा. घ्यायला हरकत नाही, पण कुठला ते माहीत असू द्या आणि मुठीवर रंगाची खूण करा. पातं डावी-उजवीकडे डुलत असेल तर परत ठेवा. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूनं धार असते, त्यामुळे तुमच्या गटात कुणी डावखुरी असेल तर तिच्यासाठी उलट्या धारेचा मागा.

आणि कापलंच, तर वाहत्या पाण्यात साबणानं धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा. सांगलीची हळद कितीही नामांकित असली तरी जखमेत भरू नका, मिसरी तर नाहीच. रक्त थांबलं तरी बोट वाकवून बघा. वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.