नावाजलेली मालिका : पाहावी की सोडावी?

कोणतीही कलाकृती हाती घेणे सोपे; ती अर्ध्यावर खाली ठेवणे मात्र आपल्या सुशिक्षित मंडळींस फार जड जाते. पुस्तक चाळीस पानांवर मिटले तर ते कोणास कळतही नाही. परंतु जी दूरचित्रवाणी-मालिका चारचौघांत अपूर्व म्हणून वाखाणली गेली, ती आपणांस रुचत नाही असे म्हणावयाचे झाल्यास प्रथम स्वतःच्याच रसिकतेविषयी शंका येऊ लागते. त्यातून भोजनोत्तर सारे घर एकाच पडद्यासमोर बसत असेल, तर हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहत नाही. म्हणून त्याचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. अमेरिकेतील 'द वायर' ही मालिका २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत दाखविली गेली; तिचे भाग ६०. 'द सोप्रानोज'चे भाग ८६, तर 'मॅड मेन'चे ९२. रोज रात्री एक भाग म्हटला तरी दोन ते तीन महिने एकेका मालिकेस द्यावे लागतात. आजीची गोष्ट, मुलांचे वाचन, भावाभावांचे चार शब्द, हे सारे घरात त्याच वेळी व्हावयाचे असते. तेव्हा हा वेळ देताना हात आखडता घेतला तर तो कृपणपणा नव्हे.

लोकांची वाहवा येथे कितपत उपयोगी पडते? 'द वायर' आज या प्रकारातील अव्वल कृतींत गणली जाते. तरी तेथील मानाचे एमी पारितोषिक तिला एकदाही मिळाले नाही. उलट 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या २०१९ मधील अखेरच्या पर्वाने प्रेक्षक इतके नाराज झाले की, ते पुन्हा नव्याने करावे अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी नावे घातली. आणि त्याच पर्वास सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेची एमी मिळाली! तात्पर्य, कीर्ती आपणांस दारापर्यंत आणून सोडते. आत बसावे की नाही, हे आपले आपणच ठरवावयाचे.

चाहते म्हणतात, "थोडा धीर धरा, पुढे रंगते." हे नेहमीच खोटे असते असे नाही. 'द वायर'चा कर्ता डेव्हिड सायमन हा बाल्टिमोर शहरातील वृत्तपत्राचा बातमीदार होता. त्याचा सहकारी एड बर्न्स हा प्रथम पोलिस गुप्तहेर व पुढे शिक्षक. या दोघांस एका चोराची गोष्ट सांगावयाची नव्हती, एक शहर दाखवावयाचे होते. प्रथम पोलिस व अमली पदार्थांचा व्यापार, मग गोदी, मग नगराचा कारभार, मग शाळा आणि शेवटी वृत्तपत्र, अशी ही पाच पर्वे. साहजिकच आरंभी पात्रे फार आणि उलगडा थोडा. परंतु तेथे किरकोळ वाटलेला प्रसंग पुढे अर्थपूर्ण ठरतो. कीर्तनात पूर्वरंग लांबला तरी त्यात निरूपण असते. तसाच हा संथपणा.

ताक घुसळताना लोणी यावयास वेळ लागतो हे खरे. पण डेऱ्यात नुसते पाणीच असेल तर रात्रभर घुसळूनही काय हाती येणार? ही पारख करण्यासाठी चार-पाच भागांनंतर तीन प्रश्न विचारावेत. कथानक सरकले नसले तरी माणसे उलगडत आहेत काय? मागील भागातील गोष्टीस पुढील भागात फळ येते काय? आणि पडदा बंद झाल्यावर त्या माणसांविषयी घरात आपण होऊन बोलणे निघते काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आल्यास मालिका खुशाल सोडावी.

येथे मनाचा एक खेळ आड येतो. "वीस भाग पाहिले, आता कसे सोडावयाचे?" आर्क्स व ब्लूमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काहींस पूर्ण किमतीस, तर काहींस सवलतीने दिली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजणारे अधिक नाटकांस हजर राहिले. नाटके तीच, फरक होता तो केवळ गेलेल्या पैशाचा! गेलेला पैसा काय किंवा गेलेल्या रात्री काय, परत येत नाहीत. पुढील चाळीस रात्री मात्र अद्याप आपल्या हाती आहेत.

घरात सर्वांची रुची एक नसते, हेही ध्यानात ठेवावे. काकांस जे भावते ते सूनबाईंस कंटाळवाणे वाटेल; त्यात कोणाचाच कमीपणा नाही. शिवाय वर सांगितलेल्या बहुतेक मालिकांत शिवराळ भाषा व क्रौर्य आहे. त्या मुलांसमोर लावण्याजोग्या नाहीत. ज्यास आवड असेल त्याने आपल्या सवडीने एकट्याने पाहावे. इतरांस लाजेखातर बसवून ठेवू नये.

मुलांनी पानात टाकू नये ही आपली शिस्त योग्यच आहे. परंतु ती अन्नाची शिस्त होय, करमणुकीची नव्हे. "आम्हांस हे आवडले नाही" असे वडील माणसांनी मोकळेपणाने म्हटले, तर लहानांसही आपली आवड प्रांजळपणे सांगण्याचे धैर्य येईल. दुसऱ्याच्या शिफारशीवर माना डोलावण्यापेक्षा हा लाभ आम्हांस कितीतरी मोठा वाटतो.